पंचवीस तासांच्या आत संपणारे खेळ

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत की तुमच्या ग्रुपमधल्या मित्रांना जुन्या जपानी रोल-प्लेइंग खेळांपैकी कोणता सुचवावा. तुमच्या आईनं मागून सांगितलं, "आजीला विचारा, तिला मामामुळे सगळे माहीत आहेत." मी म्हटलं, विचार करून कळवते, आणि फोन ठेवला. विचार करण्यासारखं काही नव्हतं. आवाज नीट राहिला नसता, म्हणून ठेवला.

हे इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. तीस वर्षं मी कंपनीचा पत्रव्यवहार इंग्रजीत केला, एकाही चुकीशिवाय. पण हे मला त्या भाषेत लिहिता येत नाही. आईला वाचून दाखवायला सांगा.

खेळांची नावं मी लिहिणार नाही. तुमच्या मामाला आणि मला ती नावं आणि त्यांच्यापुढचे आकडे कधीच लक्षात राहिले नाहीत, म्हणजे मला राहिले नाहीत आणि तो माझ्यासाठी बदलून बोलायचा. पाणचक्कीचा खेळ. घंटा चोरीला गेली त्या गावाचा खेळ. आणि दीपस्तंभाचा. तुमच्या ग्रुपला वर्णनावरून ओळखता येतील. अशा लोकांना येतं, हे मी पाहिलं आहे.

मामाच्या दोन मित्रांना तुम्ही लहानपणी भेटला होतात. एक काळेवाडीचा, ज्याचं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज आहे. दुसरा चाकणच्या कंपनीत क्वालिटीमध्ये, जिथे मामा डिझाइनमध्ये होता. आमच्या कासारवाडीच्या फ्लॅटमध्ये रविवारी दुपारी तिघं जमत. क्वालिटीवाल्यानं कंपनीतले छपाई चुकलेले टॅग आणले होते. तिकडे प्रत्येक भागाला टॅग बांधतात: हिरवा म्हणजे पास, पिवळा म्हणजे पुन्हा बघा, लाल म्हणजे नापास. हे तिघं गेमच्या कॅसेटला टॅग बांधून एकमेकांना देत. शेऱ्याच्या रकान्यात कारण लिहायचं, असा नियम. एका लाल टॅगवर मेकॅनिकनं लिहिलं होतं, "नायक झोपेतून उठायलाच तीन तास घेतो. असल्याला मी गॅरेजमध्ये ठेवणार नाही."

"पहिले दहा तास सोस ना जरा," मामा म्हणायचा.

"भावा, दहा तासांत मी चार इंजिनं उघडतो."

"आणि बंद किती करतोस?" क्वालिटीवाला विचारायचा.

मी आतून चहा घेऊन यायचे आणि वाटायचं, पस्तिशी उलटलेली ही माणसं, एकाला दोन मुलं, आणि भांडतात कशावरून तर जादूगार आधी घ्यावा की तिरंदाज. दीपस्तंभाच्या खेळाचं नाव निघालं की मात्र तिघंही हळू बोलायचे. तो पंचाऐंशी तासांचा होता. क्वालिटीवाल्याकडे त्याची कॅसेट होती, हिरव्या टॅगची. मेकॅनिक म्हणायचा, "नवी गाडी पहिले हजार किलोमीटर दामटायची नसते, तसा आहे तो." मामानं तो अजून खेळला नव्हता. डोळ्यांवर उपचार झाल्यावर, तब्येत लागल्यावर, सावकाश खेळायचा म्हणून त्यानं राखून ठेवला होता.

मामाला साखरेचा आजार शाळेपासून होता. आधी डोळे गेले, म्हणजे पूर्ण नाही, पण बारीक अक्षरं पुसट झाली. मग मूत्रपिंडं. माझं एक देण्यासाठी तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी माझ्या वयावर बोट ठेवून नाही म्हटलं. तेव्हा डायलिसिस सुरू झालं. मंगळवार, गुरुवार, शनिवार, पिंपरीच्या एका रुग्णालयात, चार-चार तास. डावा हात सुयांसाठी, तो हलवायचा नाही. उजव्या हातात त्याचं ते तळव्यात मावणारं जुनं यंत्र, उशीला टेकवून.

हे खेळ एका हातानं खेळता येतात, हे तुम्हाला माहीत असेल. लढाई सुरू झाली तरी शत्रू आपली चाल होईपर्यंत उभा राहतो. आपण औषध पिऊन घ्यावं, ढाल बदलावी, पाच मिनिटं विचार करावा, तो थांबतो. मामा म्हणायचा, "आई, बाकी कोण थांबतं सांग?" मी म्हणायचे, बोलू नकोस, ब्लडप्रेशर घेतायत.

पण पडद्यावरचा मजकूर त्याला वाचता येत नव्हता आणि या खेळांत मजकूरच मजकूर. तिथल्या सिस्टरनं मला एक स्टूल दिलं, आवाज करणार नसाल तर बसा म्हणाली. मी बसले आणि वाचायला लागले. इंग्रजी वाचायचं आणि तिथल्या तिथे मराठीत सांगायचं. राजा आला की आवाज भारी, चोर आला की बारीक. शेजारच्या खाटेवर दिघीचे एक निवृत्त सुभेदार असत. दुसऱ्या आठवड्यापासून ते आपला टीव्ही बंद करायला सांगू लागले. "ताई, तो प्रधान बेइमान आहे. मी सांगतो तुम्हाला. एवढा गोड बोलणारा माणूस लष्करात टिकत नाही." प्रधान खरंच बेइमान निघाला. सुभेदार दोन दिवस खुशीत होते.

असं सहा महिने चाललं. मग एका सकाळी डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मामाचं हृदय थकत चाललं होतं. मी विचारलं, किती? ते म्हणाले, "असं सांगता येत नाही. पण आता लांबचं काही ठरवू नका."

तुम्हाला तुमची आजी माहीत आहे. मला कुणी असं सांगितलं की मी कागद घेते. घरी आले, पट्टीनं रकाने आखले. एका वेळचे चार तास. सुया लावण्यात आणि काढण्यात जाणारा वेळ वजा करून तीन. आठवड्याचे नऊ. तीन आठवड्यांचे सत्तावीस. एखाद्या दिवशी मळमळतं, तेव्हाचे दोन वजा. पंचवीस. तीन आठवड्यांच्या पुढचं धरायची माझी हिंमत झाली नाही. माझ्या डोक्यात एकच होतं: काही अर्धवट राहायला नको. त्यानं सुरू केलेली गोष्ट त्याच्या हातानं संपावी.

तो कागद घेऊन मी रिक्षानं काळेवाडीला गॅरेजवर गेले. पहिली शिफ्ट सुटल्यावर क्वालिटीवाल्यालाही तिथेच बोलावलं होतं.

"यापुढे त्याला पंचवीस तासांच्या आत संपणारेच खेळ सुचवा," मी म्हटलं.

दोघांनी कागद पाहिला. मेकॅनिक कपड्यानं हात पुसत राहिला, हात स्वच्छ झाल्यावरही पुसत राहिला.

"काकू," क्वालिटीवाला म्हणाला, "दीपस्तंभाचा त्यानं राखून ठेवलाय. परवाच विचारत होता. आणतो म्हणालोय मी."

"तो तर मुळीच द्यायचा नाही."

"मग काय सांगू त्याला?"

"सांग, बिघडलाय."

मेकॅनिक म्हणाला, "काकू, त्याला नाही समजणार असं वाटतं तुम्हाला? आम्हाला एकेका गेमचे तास पाठ असतात."

मी ऐकलं नाही. मला वाटलं, हा भावनेच्या भरात बोलतोय आणि आकडे माझ्याकडे आहेत.

पुढच्या रविवारी क्वालिटीवाल्यानं मामाला सांगितलं की दीपस्तंभाच्या कॅसेटमधला सेल गेला, सेव्ह होत नाही. मामा "ठीक आहे, राव" म्हणाला आणि पुढे विचारलं नाही. त्या दिवसापासून हिरव्या टॅगचे छोटे खेळ यायला लागले. पहिला पाणचक्कीचा. दळणाऱ्याची मुलगी पिठात एक पत्र सापडलं म्हणून घराबाहेर पडते, चोवीस तास. मग घंटेच्या गावाचा, बावीस तास. मग तिसरा, एका नावाड्याचा, तो तर एकोणीसच. तिन्ही चांगले आहेत. ज्यांना हे खेळ नवीन आहेत अशा मित्रांना तुम्ही खुशाल सुचवा, घंटेच्या गावाचा तर नक्कीच. मी ते वाचताना मनातल्या मनात खूण करत होते: एक पूर्ण झाला, दोन पूर्ण झाले. पहिला संपला तेव्हा सुभेदारांनी उजव्या हातानं मांडीवर टाळी वाजवली. मला देवळात गेल्यासारखं समाधान झालं.

नावाड्याचा खेळ एका गुरुवारी संपला. पडद्यावरून तो बनवणाऱ्यांची नावं सरकत होती. मामा त्याकडे न बघता वर पंख्याकडे बघत होता.

"आई, हा एकोणीस तासांचा," तो म्हणाला. "आधीचा बावीसचा. त्याच्या आधी चोवीस."

"असेल."

"माझ्या मित्रांना इतके छोटे गेम माहीतच नाहीत. शोधून काढले असतील बिचाऱ्यांनी." मग म्हणाला, "किती धरलेस?"

"काय किती?"

"तुझा कागद असणार. तू गावाला जाताना रिक्षाला किती मिनिटं लागतील त्याचाही कागद करतेस. किती धरलेस?"

मी खोटं बोलू शकले असते. कागद माझ्या पर्समध्ये होता, आणि त्याचं लक्ष पर्सकडेच होतं. मी तो काढून त्याच्या हातात दिला. त्यानं डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. मग परत माझ्याकडे दिला.

"दिसत नाही. वाच."

"अरे..."

"वाच ना. बाकी सगळं वाचतेस."

मी वाचलं. चार तास, तीन तास, आठवड्याचे नऊ, तीन आठवडे, मळमळीचे दोन वजा. सहा महिने ज्या स्टुलावर बसून मी राजे आणि चोर वाचले, त्याच स्टुलावर बसून. शेजारी सुभेदारांनी तोंड भिंतीकडे केलं होतं.

ऐकून तो एवढंच म्हणाला, "सात आठवडे तर झाले, आई."

ते खरं होतं. माझे तीन आठवडे केव्हाच उलटले होते आणि मी मोजायची थांबले नव्हते. दर खेळाला पुन्हा पहिल्यापासून तीन आठवडे धरत होते. शनिवारी त्यानं मला आत येऊ दिलं नाही. रागावून नाही, सरळ सांगितलं, "आज बाहेर बस." मी चार तास कॉरिडॉरमध्ये बसले. आतून काही ऐकू येत नव्हतं, फक्त यंत्रांची पीप-पीप. तो पडद्याकडे बघतोय की पंख्याकडे, मला कळत नव्हतं.

रविवारी दोघं मित्र आले. मामानंच फोन केला होता. क्वालिटीवाल्यानं खिशातून दीपस्तंभाची कॅसेट काढून पलंगावर ठेवली. त्याची मान खाली होती.

"सेल बदललास वाटतं," मामा म्हणाला.

"बदलला."

"बदलला म्हणे! लाल टॅग लावला पाहिजे तुला."

मेकॅनिक म्हणाला, "भावा, काकूंनी सांगितलं. माझ्या अम्मीनं सांगितलं असतं तरी मी हेच केलं असतं. आता शिव्या घाल आणि मोकळा हो." मामानं त्याला खरंच एक शिवी घातली, माझ्यासमोर, आणि तिघं हसले. मी स्वयंपाकघरात गेले. मला हसण्यात घेतलं नव्हतं, आणि ते बरोबरच होतं.

मंगळवारी त्यानं स्टूल ओढून घेण्याची खूण केली आणि आम्ही दीपस्तंभ सुरू केला.

त्यात एक दीपस्तंभ सांभाळणाऱ्याची मुलगी आहे. एका सकाळी ती उठते तर समुद्र मागे हटलेला. पाणी दिसतच नाही. होड्या चिखलात, पूर्वीची बेटं आता टेकड्या. समुद्र कुठे गेला हे बघायला ती तळावरून चालत निघते. एवढीच गोष्ट. वाटेत गावं लागतात आणि प्रत्येक गावात वीस-पंचवीस माणसं उभी असतात. त्यांच्यापाशी गेलं की प्रत्येक जण एक वाक्य बोलतो. बहुतेकांचं गोष्टीशी काही देणंघेणं नसतं. मामा एकालाही सोडायचा नाही. मला वाटायचं, पुढे चल ना रे. एकदा एका सुताराचं वाक्य मी गाळलं.

"आई, वगळलंस."

"तुला कसं कळलं?"

"ओठ हलले नाहीत तुझे. परत वाच."

सुतार म्हणत होता की या वर्षी लाकूड ओलं आहे. मी परत वाचलं. एका टेकडीवर, जी आधी बेट होती, एक म्हातारी जाळं विणत बसलेली असते. तिला विचारलं की ती म्हणते, "पाणी नाही हे मलाही दिसतं. पण थांबले तर बोटं आखडतील." ते वाक्य मी मराठीत नीट सांगितलं का, याचा मी अजूनही विचार करते. सुभेदार म्हणाले, "ही माझ्या आईसारखी आहे." मामा त्या दिवशी तिच्याजवळच खेळ थांबवून झोपला.

एका शनिवारी घरी परतताना, रिक्षात, तो आपणहून म्हणाला, "तू मोजलंस म्हणून मी रागावलो नव्हतो. मीपण मोजलं होतं."

मी त्याच्याकडे बघितलं नाही.

"तुझा आकडा माझ्यापेक्षा फार लहान होता, एवढंच," तो म्हणाला. मग रिक्षावाल्याला म्हणाला, "दादा, पुढून डावीकडे."

त्याचा आकडा किती होता, ते मी विचारलं नाही. आईनं विचारायला हवं होतं की नको, मला माहीत नाही.

पाच आठवडे झाले आणि त्यानंतर एक मंगळवार. त्या मंगळवारी आम्ही मिठाच्या बाजारात पोचलो होतो. बुधवारी सकाळी मी त्याला उठवायला गेले. बाकीचं तुम्हाला तुमच्या आईनं सांगितलं आहे.

नंतर कितीतरी दिवस मी एकच हिशेब करत बसायचे. यंत्राच्या पडद्यावर खेळलेले तास दिसतात: अठ्ठेचाळीस. त्याआधीचे तीन छोटे खेळ मिळून पासष्ट. म्हणजे डॉक्टरांनी मला बोलावलं त्या आठवड्यात दीपस्तंभ सुरू केला असता तर तो संपून वर वेळ उरला असता. अर्धवट राहू नये म्हणून मी जे केलं, त्यानंच ते अर्धवट राहिलं. मी कुणाला सांगितलं नाही. तुमच्या आईलाही नाही. तिला हे आता तुम्हाला वाचून दाखवतानाच कळेल. तिला पाणी द्या.

तेराव्यानंतर दोघं मित्र आले. मी यंत्र त्यांच्यापुढे ठेवलं आणि हा हिशेब त्यांना सांगितला, सगळा. सांगून टाकायचंच होतं. क्वालिटीवाला यंत्राकडे बघत राहिला.

"काकू, एक खरं सांगू?" तो म्हणाला. "हा मी संपवलेला नाही."

"काय?"

"चाळीस तासांपर्यंत गेलो होतो. मग लग्न झालं, मग नाईट शिफ्ट लागली. परत पहिल्यापासून सुरू केला, परत राहिला. तीनदा."

मी मेकॅनिककडे पाहिलं. "आणि तू?"

"तीस," तो म्हणाला. "एकतीस असतील."

"आणि हिरवे टॅग लावून सगळ्यांना सांगत होतात! दहा वर्षं!"

"चांगला आहे म्हणून सांगत होतो, काकू. संपवलाय असं कुठं म्हणालो?"

मला राग आला आणि हसूही आलं, आणि मग मला रडू आलं, पहिल्यांदाच असं, त्यांच्यासमोर. मेकॅनिकनं यंत्र उचललं. "आमच्या दोघांच्याही पुढे गेला तो," असं म्हणाला आणि मामानं शेवटचं जिथे सेव्ह केलं होतं ते उघडलं. पडद्यावर बाजार दिसायला लागला, पांढरे ढीग आणि त्यांच्यामध्ये ती मुलगी उभी.

"हे कुठलं आहे?" त्यानं विचारलं.

"मिठाचा बाजार," मी म्हटलं. "इथे मीठ तोलणारा एक काटेवाला आहे, तो म्हणतो की समुद्र..."

"थांबा, थांबा, काकू!" त्यानं यंत्र बंद केलं आणि दोन्ही कानांवर हात ठेवले. "सांगू नका. मी खेळतोय अजून."

क्वालिटीवाला म्हणाला, "मीपण."

मी गप्प बसले. तेव्हापासून गप्पच आहे. दोघं मधूनमधून येतात, मी विचारते, कुठवर आलास, आणि ते अजून त्या टेकड्यांच्या अलीकडेच असतात. मुलं, शिफ्ट, ओव्हरटाइम. सुभेदारांना सगळं माहीत होतं, पण तेही पावसाळ्यानंतर गेले. त्या काटेवाल्यानं काय सांगितलं आणि ते ऐकून तुमचा मामा काय म्हणाला, हे आता एकट्या माझ्याकडे आहे. पुढचं मी खेळू शकत नाही. प्रयत्न केला, पण मला लढता येत नाही, मला फक्त वाचता येतं.

तर तुमच्या मित्रांना दीपस्तंभाचा सुचवा. किती तासांचा आहे ते त्यांनी विचारलं तर खरं सांगा. तुम्ही स्वतः सुरू केलात तर गावातल्या प्रत्येकाशी बोला, सुताराशीसुद्धा. आणि मिठाच्या बाजारात पोचलात की त्याच दिवशी मला फोन करा, तुमच्याकडे किती वाजलेत ते बघू नका.